ट्राइकमागे ओढायला हलका कॅम्पर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओहायोत राहतो. साठी उलटल्यावर गुडघ्यांनी दुचाकी सोडायला लावली, तेव्हा पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली ट्राइक, म्हणजे तीनचाकी मोटरसायकल घेतली: कॅन-ॲम स्पायडर आरटी. वर्षभराने तिच्यामागे घडीचा कॅम्पर आला. मंडळाच्या गणपतीला ही जोडी पार्किंगमध्ये उभी केली की निम्मे लोक प्रसादाची रांग सोडून तिच्याभोवती जमतात, आणि पुढचे दोन महिने फोन येत राहतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. सगळी वजनं पौंडांत आहेत, कारण इथल्या ट्रेलरवरची पाटी, गाडीचं मॅन्युअल आणि वजनकाटा सगळे पौंडांतच बोलतात. किलो हवे असतील तर २.२ ने भागा.

१. ट्राइकमागचा कॅम्पर म्हणजे नेमकं काय? मोटारीमागे छोटं घर ओढतात तसंच का?

नाही. मोटारीमागे दिसणारे गोंडस टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचे छोटे कॅम्पर) बहुतेक ७०० पौंडांच्या पुढचे असतात, ते आपल्या कामाचे नाहीत. ट्राइकमागे चालतो तो घडीचा कॅम्पर. रस्त्यावर असताना तो एखाद्या मोठ्या ट्रंकेसारखा दिसतो. मुक्कामावर झाकण उघडून आडवं टाकलं की पलंगाचा अर्धा भाग तयार होतो, आणि कमानींवर कापडी तंबू उभा राहतो. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचावर कोरडा, सपाट बिछाना मिळतो आणि त्याच्या खाली सामान राहतं. रिकामं वजन साधारण २२५ ते ४०० पौंड. जुन्या जाहिराती चाळताना टाइम आउट, कॉम्पॅक्ट कॅम्प, ॲस्पेन, क्विक कॅम्प ही नावं वारंवार दिसतील.

२. माझी ट्राइक किती वजन ओढू शकते, हे कुठे बघायचं?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये, आणि हिचवर (ट्रेलर जोडायला गाडीमागे बसवलेल्या भागावर) ठोकलेल्या पाटीवर. दोन्हींतला लहान आकडा तुमचा. विक्रेत्याचा शब्द धरू नका. मला एका दुकानदाराने "तो आकडा वकिलांसाठी असतो हो" असं हसत सांगितलं होतं. मी दुकान बदललं.

स्पायडर आरटीला मर्यादा आहे ४०० पौंड, आणि हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरचं नाक जिथे टेकतं त्या गोळ्यावर, ४० पौंड. हे ४०० ट्रेलरसकट आहेत; ट्रेलर वेगळा आणि सामानाचे ४०० वेगळे, असं नाही. हा गैरसमज दर तिसऱ्या फोनवर निघतो.

होंडा गोल्ड विंगची गोष्ट निराळी. होंडाचं मॅन्युअल म्हणतं की ही मोटरसायकल ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेलीच नाही. तरीही अमेरिकेत ट्रेलर ओढणाऱ्या ट्राइक्समध्ये दुचाकी गोल्ड विंगला तीनचाकी करणारं किट लावून बनवलेल्या गाड्या भरपूर दिसतात. त्यांचा मागचा आस (ॲक्सल), चाकं आणि हिच हे सगळं किट बनवणाऱ्या कंपनीचं असतं, त्यामुळे मर्यादाही त्या कंपनीने लेखी दिलेली हवी. जुनी ट्राइक घेताना किटचे कागद नसतील, तर तिच्यामागे काही लावायच्या आधी त्या कंपनीला गाडीचा नंबर कळवून विचारा. हार्लेची ट्राय ग्लाइड कारखान्यातूनच तीनचाकी येते, तेव्हा तिथे थेट मॅन्युअल आणि हिचची पाटी.

३. ब्रोशरमध्ये कॅम्परचं वजन २८० पौंड लिहिलंय, मर्यादा ४०० आहे. म्हणजे १२० पौंड सामान नेता येईल ना?

कागदावर येईल. पण १२० पौंड किती लवकर भरतात ते एकदा मांडून बघा. पहिल्या सहलीच्या आदल्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आणि न्हाणीघरातल्या काट्यावर एकेक वस्तू मोजली होती. बायको म्हणाली, लग्नातल्या आहेराचीसुद्धा तू एवढी मोजणी केली नव्हतीस. यादी अशी झाली: पुढचा मंडप २५, बर्फ आणि जिनसांनी भरलेला कूलर ३५, बॅटरी २५, दोन खुर्च्या १६, पांघरुणं १०, दोघांचे कपडे ३०, शेगडी-भांडी-कुकर १५, दोन गॅलन पाणी १७, स्टेपनी २०. बेरीज १९३. त्यात २८० मिळवले तर ४७३, म्हणजे ७३ पौंड जास्त. यात चैनीची एकही वस्तू नाही.

मग कात्री लागली. पाणी मुक्कामावरच्या नळावर भरायचं: १७ वाचले. मंडप घरी: २५. घडीच्या हलक्या खुर्च्या: १०. लहान लिथियम बॅटरी: १३. बर्फ पोचल्यावर शेवटच्या पंपावर घ्यायचा: १५. एकूण ८० कमी. आता ३९३. बसलं, पण सात पौंडांनी. वाटेत कोणी कलिंगड दिलं तर नाही म्हणावं लागेल.

म्हणून कॅम्पर निवडताना हिशेब उलटा करा. मर्यादेतून आधी तुमचं खरं सामान वजा करा. उरेल तेवढ्याच रिकाम्या वजनाचा कॅम्पर शोधा. ४०० च्या गाडीला माझ्या मते २५० च्या आसपासचा बरा. ब्रोशरमधलं रिकामं वजन धरताना आणखी एक विचारा: त्यात गादी, स्टेपनी, कूलरची जाळी धरली आहे का? पुष्कळदा हे सगळं जादाच्या यादीत असतं.

गाडीवरच्या वजनाचाही वेगळा हिशेब आहे. चालवणारा, मागे बसणारी व्यक्ती, गाडीच्या डिक्क्यांतलं सामान आणि बॉलवर पडणारा ट्रेलरचा भार या सगळ्यांची बेरीज गाडीच्या भारमर्यादेत बसली पाहिजे. दोघंही भरल्या अंगाचे असाल तर घोडं ट्रेलरच्या मर्यादेवर अडत नाही, इथे अडतं.

४. भरलेला कॅम्पर खरा किती भरला, हे मोजायचं कुठे?

ट्रक स्टॉपवरच्या कॅट काट्यावर मोजता येतं, पण तो २०-२० पौंडांच्या टप्प्यांत आकडा देतो. चाळीस टनांच्या ट्रकला ते पुरतं. आपलं भांडण सात पौंडांचं आहे. मी घरीच मोजतो: दोन्ही चाकांखाली एकेक न्हाणीघरातला काटा, कपलरखाली (ट्रेलरच्या नाकाचा बॉलवर बसणारा भाग) तिसरा, तिन्ही आकड्यांची बेरीज. काटे दोनच असतील तर एका चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवून पाळीपाळीने मोजा. ट्रेलर आडवा, समपातळीत हवा, नाहीतर आकडे सरकतात.

५. टंग वेट, टंग वेट सगळे म्हणतात. ते काय आणि किती हवं?

ट्रेलरचं नाक हिचच्या बॉलवर जितकं दाबतं तो भार म्हणजे टंग वेट. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के ते असावं. कमी झालं की ट्रेलर मागून शेपटी हलवायला लागतो (प्रश्न १३). जास्त झालं की ट्राइकचा मागचा भाग दबतो आणि पुढचा हलका होतो (प्रश्न ६).

आता स्पायडरची अडचण बघा: ४०० ला ४०, म्हणजे बरोबर १० टक्के. माझ्या ३९३ च्या ट्रेलरला किमान ३९ हवेत आणि ४० च्या वर जायचं नाही. एका पौंडाची खिडकी! वजन मर्यादेच्या टोकापर्यंत नेऊ नका असं मी सांगतो ते यासाठी. तोच ट्रेलर ३२० पौंडांचा असेल तर ३२ ते ४० पर्यंत मोकळीक मिळते.

बहुतेक चुका कूलरपाशी होतात. पुष्कळ कॅम्परना नाकावर कूलर ठेवायची जाळी असते. समजा आसापासून बॉल ७२ इंचांवर आहे आणि कूलर ५४ इंचांवर. ३५ पौंडांच्या कूलरमुळे बॉलवर ३५ गुणिले ५४ भागिले ७२, म्हणजे २६ पौंड वाढतात. एका कूलरने निम्म्याहून अधिक मर्यादा खाल्ली. आणि तिसऱ्या दिवशी बर्फाचं पाणी ओतून दिलं की नाक हलकं होतं, त्याचं कारण मात्र कोणी शोधत नाही. कूलर नाकावर ठेवायचाच असेल तर पेटीतलं जड सामान आसाच्या किंचित मागे घ्या आणि पुन्हा मोजा. मोजायची पद्धत: ट्रेलर सपाट, कपलर बॉलच्या उंचीला, त्याखाली लाकडी ठोकळा आणि ठोकळ्याखाली काटा. ठोकळ्याचं वजन वजा करायला विसरू नका.

६. पुढे दोन चाकं असलेली ट्राइक आणि मागे दोन चाकं असलेली ट्राइक, यात ट्रेलरच्या दृष्टीने फरक पडतो का?

पडतो. मागे दोन चाकं असली की टंग वेट दोन टायरांत वाटलं जातं, मागची बाजू रुंद असते, ट्रेलर शहाण्यासारखा मागे येतो. पण पुढे एकच चाक, आणि दिशा त्याच्यावर. मागच्या आसाच्या बऱ्याच मागे वजन दाबलं की तराजूसारखं पुढचं चाक उचललं जातं. ओल्या वळणावर हँडल हलकं लागलं तर नाकातून वजन काढा.

स्पायडरसारखीत उलट. पुढे दोन चाकं, तिथे ब्रेकही भक्कम. पण मागचा सगळा भार एकाच टायरवर आणि तेच चाक गाडी ढकलतं. हवेचा दाब मॅन्युअलप्रमाणे, मागचं सस्पेन्शन भाराप्रमाणे, आणि टायर गुळगुळीत होण्याची वाट न बघता बदलायचा. ट्रेलर ओढला की मागचा टायर लवकर संपतो, हे धरून चाला.

७. दुचाकीवाले मित्र सांगतात की फिरणारा कपलर नसलेला ट्रेलर घेऊच नकोस. खरं का?

त्यांच्यासाठी खरं. दुचाकी वळणात झुकते आणि ट्रेलर मात्र उभाच राहायला हवा, म्हणून त्यांच्या कपलरला गोल फिरण्याची सोय लागते. तुमची ट्राइक झुकत नाही. साध्या बॉल-कपलरची जेवढी सैल हालचाल असते तेवढी खडबडीत आवारातही पुरते. कॅम्परला फिरणारा कपलर आधीच असेल तर काढू नका, फक्त त्याला ग्रीस द्या आणि ढिला झाला आहे का ते हलवून बघा. पण त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

अपवाद आहे तो झुकणाऱ्या तीनचाकींचा: यामाहा निकेन, पियाजिओ एमपी३. चाकं तीन असली तरी त्या वळणात दुचाकीसारख्या झुकतात, तेव्हा त्यांना दुचाकीचे नियम. आणि त्याआधी प्रश्न २.

बॉलचं माप मात्र सगळ्यांनी तपासा. हलक्या ट्रेलरना एक पूर्णांक सात अष्टमांश इंच आणि दोन इंच असे दोन्ही बॉल चालतात. कपलरवर माप कोरलेलं असतं. दोन इंची कपलर लहान बॉलवर बसतो, बंदही होतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून निघतो. सुरक्षेच्या साखळ्या नाकाखालून एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे कपलर निघालाच तर नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल.

८. आठ इंची चाकं घ्यावीत की बारा इंची?

बारा. दिसायला आठ इंची गोड दिसतात, कॅम्पर ठेंगणा राहतो, थोडं वजनही वाचतं. पण हिशेब करा. ४.८०-८ टायरचा बाहेरचा व्यास साधारण १६ इंच, म्हणजे मैलाला सुमारे १,२६० फेऱ्या. ४.८०-१२ चा व्यास वीस इंचांच्या थोडा वर, म्हणजे हजाराच्या आत. फेऱ्या जास्त म्हणजे बेअरिंग जास्त तापणार, आणि लहान चाक खड्ड्यात खोलवर जाणार. दिवसाला तीनशे मैल जाणाऱ्याने आठ इंचींच्या नादी लागू नये. घरापासून तासाभरावरच्या तळ्यावर जाणाऱ्याला चालतील.

प्रत्येक पंपावर उतरलात की चाकाच्या मध्यावर तळहात ठेवा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी एक जादा बेअरिंग, सील आणि ग्रीस डब्यात ठेवतो. मोठ्या टायरवाल्या दुकानांत ही मापं नेहमी मिळत नाहीत.

९. दिव्यांची वायर मी स्वतः जोडू का? चार तर वायरी आहेत.

ट्रेलरकडे चारच आहेत, हे खरं: पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागचा दिवा, पिवळी डावा इंडिकेटर आणि ब्रेक, हिरवी उजवा इंडिकेटर आणि ब्रेक. म्हणजे ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच बल्बमध्ये. बहुतेक मोटरसायकलींवर मात्र ते वेगवेगळे असतात. त्यामुळे पाच वायरींचं चारमध्ये रूपांतर करणारा डबा मध्ये लागतो. शिवाय हल्लीच्या ट्राइकचे दिवे तिच्या आतला संगणक सांभाळतो. त्याला अचानक जादा बल्ब दिसले की तो डॅशबोर्डवर तक्रार करतो. म्हणून ट्रेलरच्या दिव्यांची वीज थेट बॅटरीतून घेणारा आयसोलेटर बसवा, गाडीकडून फक्त इशारा घ्या. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला हार्नेस मिळत असेल तर तोच. ट्रेलरला एलईडी दिवे असले की भारही कमी.

मूळ वायर सोलून चिमट्याने दुसरी वायर दाबून बसवायची सोपी पद्धत दाखवली जाते. पहिल्या पावसाळी सहलीपर्यंत ती चालते.

१०. आम्ही दोघं साठीचे. आत उठता-बसता येतं का? उंच माणूस मावतो का?

पत्नी किंवा पती सोबत घेऊन, कॅम्पर उघडवून, दोघांनी त्यात दहा मिनिटं आडवं होऊन बघा. विक्रेता हसला तर हसू दे. बघायचं ते असं: रात्री बाथरूमला उठताना एकाला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं का? पलंगाच्या कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का? पँट चढवायला उभं राहण्यापुरती जागा आहे का? पलंग दोघांना पुरतो बहुतेक सगळ्यांत. उभं राहायची जागा काहींतच असते, आणि गुडघे दुखणाऱ्याला पलंगाच्या लांबीपेक्षा तीच महत्त्वाची. सहा फुटांवरचा माणूस असेल तर टेपने आतली लांबी मोजा. ब्रोशरमधली लांबी कधी कधी तंबूच्या बाहेरच्या काठापर्यंतची असते.

थंडीत दोघांच्या श्वासाने कापड आतून घामेजतं. समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या नसतील तर तो कॅम्पर सोडा.

११. त्यापेक्षा साधा सामानाचा ट्रेलर आणि आत तंबू नेला तर?

वजन आणि पैसे, दोन्ही वाचतील. जमिनीवर झोपून सकाळी सरळ उभे राहू शकत असाल आणि वर्षातून दोन-तीनच रात्री काढणार असाल, तर मी हेच करा म्हणेन. मी करत नाही, त्याचं कारण गुडघे.

१२. आत स्वयंपाक करता येतो का? आम्हाला रोज बाहेरचं चालत नाही.

आत नाही, कधीच नाही. कापडी बंद जागेत शेगडी किंवा गॅसचा हीटर लावला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. स्वयंपाक बाहेर, सहलीच्या टेबलावर. एक पौंडाचा प्रोपेनचा छोटा डबा दोन दिवस चहा आणि खिचडीला पुरतो आमच्या घरी. बार्बेक्यूचं मोठं सिलिंडर नेऊ नका. "२० पौंडी" म्हणतात ते भरल्यावर ३७ च्या आसपास भरतं. आमचा दोन लिटरचा कुकर मात्र येतोच. अस्वलांच्या प्रदेशात फोडणीचे कपडे घालून झोपू नका, तेही बाकी अन्नासोबत कुलपात.

१३. वेगात ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेक मारू का?

नाही. थ्रॉटल हळूहळू सोडा, हँडल सरळ आणि सैल धरा, उलट वळवून सावरायला जाऊ नका. गती उतरली की डोलणं थांबतं. मग बाजूला थांबून कारण शोधा. बहुतेक वेळा मागे जास्त आणि नाकात कमी वजन असतं. माझ्या पहिल्या सहलीत परतताना उरलेली लाकडं आणि दोन खुर्च्या शेवटी कशाही मागे कोंबल्या, आणि आय-७० महामार्गावर उतारावर ट्रेलरने जो नाच केला तो अजून आठवतो. लाकडं तिथल्याच विश्रांतिस्थळावर ठेवून आलो.

वायोमिंगमध्ये आय-८० वरच्या वाऱ्यात बरोबर भरलेला ट्रेलरही हलतो. तिथे हलक्या आणि उंच वाहनांसाठी रस्ता बंद केल्याच्या सूचना लागतात. त्या लागल्या की आपण त्यांतले हलके.

१४. किती वेगाने जावं?

ट्रेलरच्या टायरवर किंवा पाटीवर लिहिलेली मर्यादा आधी. एसटी (स्पेशल ट्रेलर) अक्षरांच्या जुन्या टायरांना वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ६५ मैल धरा. कॅलिफोर्नियात काहीही ओढणाऱ्या प्रत्येक वाहनाला ५५ मैलांची मर्यादा आहे, मग रस्त्यावर ७० ची पाटी असली तरी. या वजनाच्या ट्रेलरना स्वतःचे ब्रेक सहसा नसतात, म्हणून पुढच्या गाडीपासूनचं अंतर एरवीच्या दुप्पट ठेवा.

टेल ऑफ द ड्रॅगन या रस्त्यावर, ११ मैलांत ३१८ वळणं, ट्रेलर घेऊन जाण्यात शहाणपण नाही. तो कॅम्पग्राउंडवर सोडा आणि मोकळ्या गाडीने जा. ब्लू रिज पार्कवेवर मात्र मजा आहे: ४६९ मैल आणि बहुतेक ठिकाणी ४५ ची मर्यादा, म्हणजे तुमच्या मागे कोणी भोंगा वाजवत नाही.

१५. रिव्हर्स गिअर आहे. मग अडचण काय?

ट्रेलर जितका आखूड तितका मागे घेताना लवकर दुमडतो. लांब ट्रेलर सावरायला वेळ देतो, आपला देत नाही. पाच फूट मागे घ्यायला दहा मिनिटं घामाघूम होण्यापेक्षा कपलर उघडा आणि ट्रेलर हाताने ढकला. हलका घेतल्याचा फायदा तोच तर आहे. नाकाला छोटं चाक असलेला जॅक असेल तर एकट्याने जमतं. पंपावर नेहमी आरपार निघता येईल असा बाजूचा मार्ग धरा.

१६. यलोस्टोनमध्ये आम्हाला आरक्षण असूनही परत पाठवतील असं कोणीतरी म्हणालं. असं होतं का?

होऊ शकतं, जागा कोणती निवडली त्यावर आहे. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये (आरव्ही म्हणजे राहण्याजोगं वाहन) फक्त कडक भिंतींची वाहनं घेतात. तंबू आणि कापडी भिंतीचे कॅम्पर चालत नाहीत, कारण तो ग्रिझली अस्वलांचा भाग आहे. तुमच्या घडीच्या कॅम्परला चाकं आणि पाटी असली तरी भिंती कापडाच्याच. आरक्षण करताना "आरव्ही" वर टिचकी मारून मोकळे होऊ नका, "तंबू-ट्रेलर चालेल का" ते वाचा. उद्यानात इतर कॅम्पग्राउंड आहेत.

ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर ॲव्हलांश आणि रायझिंग सन यांच्या मधल्या पट्ट्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहन नेता येत नाही, आणि लांबी ट्रेलरसकट मोजतात. स्पायडर आरटी नऊ फुटांच्या थोडी वर. नाकासकट नऊ-दहा फुटांचा कॅम्पर जोडला तर बसते. लांब नाकाचा ट्रेलर आणि लांब ट्राइक असेल तर घरीच बंपरपासून बंपरपर्यंत टेप लावा.

१७. जुना कॅम्पर स्वस्तात मिळतोय. काय बघू?

आधी नाक वापरा. झाकण उघडून आत डोकं घालून वास घ्या. कुबट वास असेल तर कापड ओलं असताना घडी घातली गेली आहे, आणि बुरशी लागलेलं कापड धुऊन पूर्वीसारखं होत नाही. नवा तंबू शिवून घ्यायचा खर्च कॅम्परच्या किमतीएवढा होऊ शकतो. हीच चूक आपल्या हातून होऊ नये म्हणून पावसातून घरी आलात की त्याच दिवशी गॅरेजमध्ये उघडून वाळवा, कितीही दमला असलात तरी.

मग तंबूच्या सगळ्या चेन दोनदा उघडून बंद करा. चाक उचलून हलवा, खडखड झाली तर बेअरिंग. टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. कॅम्पर वर्षभर उभा असतो, त्यामुळे नक्षी नवी दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. चौकटीला नाकापाशी आणि आसापाशी गंज किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर निघा. आणि मालकाने पलंगाखाली फळ्या, कप्पे, गालिचा असं "सुधारून" ठेवलं असेल तर ब्रोशरमधलं वजन विसरा, काटा सोबत घेऊन जा.

१८. कागदपत्रं, विमा, टोल?

राज्याप्रमाणे बदलतं, आपल्या राज्याच्या मोटार खात्याला विचारा. ट्राइकला काही राज्यांत मोटारीचं लायसन्स चालतं, काहींत वेगळी नोंद लागते. दुसऱ्या राज्यातून ट्रेलर घेताना फसगत होते ती टायटलवरून, म्हणजे मालकीच्या कागदावरून. उदाहरणार्थ मेन राज्यात ३,००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला टायटल देतच नाहीत. विक्रेता लबाड नसतो, पण तुमच्या राज्याच्या खिडकीवर टायटल मागतात. विकत घेण्याआधी तिथे काय चालेल ते विचारून या. घरी बनवलेल्या ट्रेलरला नंबरच नसेल तर ही यातायात दुप्पट.

विम्याच्या कंपनीला दोन वेगळे प्रश्न विचारा: ट्रेलरने दुसऱ्याचं नुकसान केलं तर, आणि ट्रेलर स्वतः चोरीला गेला तर. पहिल्याचं उत्तर हो असलं म्हणून दुसऱ्याचं तेच असेल असं नाही. टोल पुष्कळ रस्त्यांवर आसांच्या संख्येवर असतो. ट्राइकचे दोन आणि ट्रेलरचा एक, म्हणजे तीन.

१९. निवृत्त होऊन पुण्याला परतणार आहोत. ट्राइक आणि कॅम्पर कंटेनरमधून नेले तर कोकणात फिरता येईल?

हा प्रश्न मला सगळ्यात प्रेमाने विचारला जातो आणि माझं उत्तर सगळ्यात रुक्ष असतं: नेऊ नका. आयातीचा खर्च आणि नियम हा एक भाग. दुसरा असा की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मन मानेल तसे बदल करू देत नाही. म्हणजे इथे किट लावून तीनचाकी केलेली गाडी किंवा तिथे जाऊन बुलेटला जोडलेलं तिसरं चाक, दोन्हींची वाट आरटीओच्या दारातच अडते. मागे हिच लावून कॅम्पर ओढणं हा त्यापुढचा प्रश्न.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे चालकासह कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन किनाऱ्याने फिरणं हा सरळ मार्ग आहे. कॅम्पर इथे विका. वसंताच्या तोंडावर, मार्च-एप्रिलमध्ये जाहिरात द्या; उत्तरेकडच्या राज्यांत तेव्हा लोक गॅरेज उघडून बसलेले असतात. जाहिरातीत तंबू उघडलेला फोटो, टायरचा शिक्का आणि काट्यावर मोजलेलं खरं वजन द्या.